परंगीमलै म्हणजेच चेन्नईचा सेंट थॉमस माउंट: खानदेशातून जाणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, जळगाव आणि भुसावळ या तिन्ही ठिकाणांहून माणसे घेऊन थेट चेन्नईला जाते, आणि त्या गाडीने निघालेल्यांपैकी कोणी ना कोणी सेंट थॉमस माउंटविषयी विचारतोच. कोणी वेलांकण्णीच्या वाटेवर एक दिवस चेन्नईत काढणार असतो, कोणाला वेल्लोरच्या दवाखान्याचे काम असते, तर कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला लागलेला असतो. मी स्वतः भुसावळची. चार वेळा ही टेकडी चढले आहे. दोनदा घरच्यांबरोबर आणि दोनदा आमच्या धर्मग्रामातील, म्हणजे आमच्या चर्चच्या, मंडळींबरोबर. दर वेळी जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवत आहे.

ही टेकडी नेमकी कोठे आहे, आणि तिला इतकी नावे कशी?

टेकडी चेन्नई शहराच्या दक्षिण भागात, मीनंबाक्कमच्या विमानतळाजवळ आहे. तमिळमध्ये तिला परंगीमलै म्हणतात. ‘मलै’ म्हणजे डोंगर, आणि ‘परंगी’ हा आपल्या ‘फिरंगी’ शब्दाचाच भाऊ. पोर्तुगीज येथे वस्ती करून राहिले म्हणून हा फिरंग्यांचा डोंगर झाला. इंग्रजांनी येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, प्रेषित संत थोमा, याच्या नावावरून तिला सेंट थॉमस माउंट म्हटले. चेन्नईचा जो मुख्य रस्ता आज अण्णा सालै म्हणून ओळखला जातो, त्याचे जुने नाव माउंट रोड होते, कारण तो शहरातून याच टेकडीकडे जातो.

नावांचा हा गोंधळ नीट समजून घ्यावा, कारण त्यापायी माझी पहिली फेरी फसली होती. रिक्षावाल्याला मी नुसते ‘माउंट, चर्च’ एवढेच सांगितले आणि त्याने प्रामाणिकपणे आम्हाला सैदापेटजवळच्या लिटल माउंट या दुसऱ्याच टेकडीवरील चर्चसमोर नेऊन उतरवले. त्याची काहीच चूक नव्हती. परंगीमलै असे तमिळ नाव घेतले की हा घोळ होत नाही.

खानदेशातून जाण्याचा सोयीचा मार्ग कोणता?

रेल्वेचा. नंदुरबार, जळगाव किंवा भुसावळ येथून नवजीवन एक्स्प्रेसमध्ये बसावे. गाडी अकोला, वर्धा भाग, बल्लारशा, विजयवाडा या मार्गाने चेन्नई सेंट्रलला पोहोचते. प्रवासात साधारण एक दिवस आणि एक रात्र जाते. धुळ्याच्या मंडळींनी जळगाव गाठणे सोपे पडते. गाडी गुजरातमधून भरून येत असल्यामुळे आरक्षण बरेच आधी करावे, विशेषतः नाताळच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत. ऐन वेळी जागा मिळेल या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघू नये. वेळापत्रक बदलत असते, म्हणून तिकीट काढतानाच गाडीची वेळ पाहून घ्यावी.

चेन्नई सेंट्रलवर उतरल्यावर टेकडीपर्यंत कसे पोहोचावे?

मेट्रोने. सेंट्रलपासून हिरव्या मार्गिकेवरील मेट्रो कोयंबेडू, अशोकनगर, आलंदूर असे करत सेंट थॉमस माउंट याच नावाच्या शेवटच्या स्थानकावर थांबते, त्यामुळे गाडी बदलावी लागत नाही आणि उतरायचे कोठे याची चिंताही राहत नाही. सामान कमी असेल आणि पैसे वाचवायचे असतील, तर सेंट्रलसमोरच्या पार्क स्थानकावरून तांबरमकडे जाणारी लोकल पकडावी. तीही माउंटला थांबते. स्थानकापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत रिक्षा करावी. बसण्यापूर्वी ‘पायऱ्यांच्या कमानीपाशी’ सोडायचे की ‘वर चर्चपर्यंत’, हे स्पष्ट ठरवावे, कारण दोन्ही ठिकाणे टेकडीच्या वेगवेगळ्या अंगांना आहेत आणि भाडेही वेगळे पडते.

चढ किती आहे? गुडघे दुखणाऱ्यांना जमेल का?

जमेल. टेकडीची उंची सुमारे ३०० फूट, म्हणजे ९० मीटरच्या आसपास आहे. उत्तरेकडच्या पायथ्याशी चार कमानींचे जुने प्रवेशद्वार आहे, त्यावर क्रूस आणि १५४७ हे साल कोरलेले आहे. तेथून दीडशेच्या आसपास पायऱ्या वर जातात. सप्तशृंगीचा गड चढून आलेल्या माणसाला हा चढ म्हणजे काहीच नव्हे. आमच्या सोबतच्या एका मावशींनी तर अर्ध्यावर थांबून ‘एवढंच का?’ असे विचारले होते. तरीही पायऱ्यांवर सावली अपुरी आहे आणि चेन्नईच्या दमट हवेत दहा मिनिटांत अंग घामाने भिजते, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर चढावे. ज्यांना पायऱ्या शक्य नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या अंगाने गाडीरस्ता थेट वरपर्यंत जातो.

माझे मत विचाराल तर पाय धड असतील त्यांनी पायऱ्यांनीच जावे. चढताना कडेने क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग दाखवणारी, चौदा स्थाने लागतात, आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात भाविक एकेका स्थानाशी थांबून प्रार्थना म्हणत वर जातात. गाडीने थेट वर उतरणाऱ्यांना ही वाट दिसतच नाही. या पायऱ्या अठराव्या शतकात पेत्रुस उस्कान नावाच्या एका श्रीमंत आर्मेनियन व्यापाऱ्याने स्वतःच्या खर्चाने बांधून दिल्या, आणि यात्रेकरूंना अड्यार नदी ओलांडता यावी म्हणून त्याच गृहस्थाने १७२६ मध्ये सैदापेटजवळ पूलही बांधला. इराणमधील जुल्फा गावचा हा माणूस मद्रासेत राहून गडगंज झाला आणि मद्रासेतच वारला, मात्र त्याचे हृदय त्याच्या इच्छेनुसार जुल्फाला नेऊन पुरण्यात आले.

संत थोमा खरोखरच येथे आले होते का?

हा प्रश्न श्रद्धाळू माणसेही विचारतात आणि चिकित्सक माणसेही, म्हणून परंपरा काय सांगते आणि पुरावा काय सांगतो हे वेगवेगळे मांडलेले बरे.

परंपरा अशी की, येशूच्या बारा प्रेषितांपैकी थोमा इ.स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले, तेथे त्यांनी मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती समुदाय, स्थापन केल्या, पुढे ते पूर्व किनाऱ्यावर मैलापूरला आले आणि इ.स. ७२ मध्ये याच टेकडीवर भाल्याच्या वाराने त्यांना हौतात्म्य आले. त्यांचे दफन मैलापूरला झाले. हा तोच थोमा, ज्याने पुनरुत्थित प्रभूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हटले होते आणि नंतर ‘माझा प्रभू व माझा देव’ असे उद्गार काढले होते. आमच्या रविवारच्या शाळेत ‘संशयी थोमा’ एवढीच त्याची ओळख करून दिली जात असे. ज्याने हजारो मैल समुद्र ओलांडून अनोळखी मुलखात जीव दिला असे मानले जाते, त्याला आपण एका संशयापुरते लक्षात ठेवावे, हे मला येथे आल्यापासून खटकते.

पुराव्याच्या बाजूने पाहिले तर पहिल्या शतकातील कोणताही शिलालेख या टेकडीवर नाही. मात्र तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत त्या काळी रोमन व्यापाराची जहाजे नियमित ये-जा करीत होती, त्यामुळे असा प्रवास अशक्य कोटीतील नव्हता. थोमाच्या समाधीची ख्याती पोर्तुगिजांच्याही आधीची आहे, हे तर निश्चित सांगता येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या किनाऱ्यावर आला, तेव्हा त्याने या स्थानाचा उल्लेख केला आहे आणि ख्रिस्ती तसेच मुसलमान असे दोन्ही धर्मांचे लोक येथे यात्रेला येतात, असे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे पोर्तुगिजांनी हे तीर्थ नव्याने उभे केले असे म्हणता येत नाही. लोकांच्या मनात ते आधीपासून होते, पोर्तुगिजांनी त्यावर चर्च बांधले.

वर चर्चमध्ये आवर्जून काय पाहावे?

चर्च लहान आहे, आणि ज्यांनी वसईची किंवा गोव्याची भव्य चर्च पाहिली आहेत त्यांची येथे प्रथमदर्शनी थोडी निराशा होते. ती पाच मिनिटे टिकते. येथे पाहण्यासारखे जे आहे ते वेदीमागे आहे.

वेदीच्या मागच्या भिंतीत काळसर दगडाची एक पाटी बसवलेली आहे, तिच्यावर उठावात क्रूस कोरला आहे. जवळ जाऊन शांतपणे पाहा. क्रुसाच्या चारही टोकांना कळ्या उमलल्यासारखी नक्षी आहे. वरच्या बाजूने एक कबुतर चोच खाली करून क्रुसाकडे उतरते आहे. दोन बाजूंना खांब, त्यांच्यावर कमान, आणि त्या कमानीच्या कडेने सलग कोरलेली अक्षरे. ही अक्षरे ना तमिळ, ना लॅटिन, ना सिरियाक. ही आहे पहलवी, म्हणजे जुन्या इराणची लिपी. तिच्या वाचनाविषयी विद्वानांत बरेच मतभेद झाले, परंतु ख्रिस्ताने दया करावी अशी कोरून घेणाऱ्याची याचना त्यात आहे, हे वाचन बरेच मान्यता पावलेले आहे. अशाच धाटणीचे क्रूस केरळात कोट्टायमच्या जुन्या चर्चमध्येही आहेत. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर अशा दोन्ही किनाऱ्यांवरील ख्रिस्ती मंडळ्यांचे इराणच्या मंडळीशी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून नाते होते, याचा हा दगडी दाखला आहे. ख्रिस्ती धर्म या देशात गोऱ्या साहेबाबरोबर आला असे ठासून सांगणारी माणसे आपल्याकडेही भेटतात. त्यांना या दगडासमोर नेऊन उभे करावे असे मला नेहमी वाटते.

पोर्तुगिजांनी १५४७ मध्ये बांधकामासाठी जमीन उकरली, तेव्हा हा क्रूस सापडला.

‘रक्त पाझरणारा क्रूस’ तो हाच का?

होय. १५५८ साली १८ डिसेंबरला मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू असताना या क्रुसाला रक्तासारखा घाम फुटला, आणि पुढे तो प्रकार अनेक वेळा घडून १७०४ मध्ये शेवटचा दिसला, असे चर्चच्या परंपरेत सांगितले जाते. आज तो कोरडाच असतो. कोणी बोट लावून खात्री करून घेण्याचा प्रयत्न करू नये. थोमाने केले म्हणून आपल्याला ती मोकळीक मिळत नाही.

चर्च थोमाच्या नावाचे नसून मरियेच्या नावाचे कसे?

टेकडी थोमाची, पण १५२३ मध्ये बांधलेले चर्च बाळाची वाट पाहणाऱ्या मरिया मातेला अर्पण केलेले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर दिवस भरत आलेली मरिया. म्हणूनच तिचा सण नाताळच्या बरोबर आठवडाभर आधी, १८ डिसेंबरला येतो. मूल व्हावे म्हणून किंवा बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून प्रार्थना करणाऱ्या पुष्कळ बायका येथे दिसतात; त्यांत कपाळाला कुंकू असलेल्या आणि बुरखा घेतलेल्याही असतात. वेदीवर मरिया आणि बाळ येशू यांचे लाकडी फळीवर रंगवलेले एक जुने चित्र आहे. ते शुभवर्तमानकार लूकने स्वतः काढले आणि थोमाने बरोबर आणले, अशी श्रद्धा आहे.

वरून काय दिसते?

खरे तर पुष्कळ माणसे एवढ्यासाठीच येतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चेन्नई हे सपाट शहर आहे. जळगावहून अजिंठ्याकडे जाताना किंवा तोरणमाळच्या घाटात जशी एकदम खोल दरी उघडते तसे दृश्य येथे शोधू नये. येथे खाली पसरलेले असते ते शहर.

चर्चच्या आवारातील कठड्याशी उभे राहिल्यावर सर्वांत आधी नजर जाते ती विमानतळाकडे. धावपट्टी इतकी जवळ वाटते की उतरणाऱ्या विमानाची चाके जमिनीला टेकताना उडालेला धूर दिसतो, आणि आवाज मात्र त्यानंतर क्षणभराने येतो. आमच्या गटात नवापूरकडची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिने बोटांवर सोळा विमाने मोजली आणि सतरावे येईपर्यंत ती तेथून हलायला तयार नव्हती. तिच्या आईने चर्चमध्ये जितका वेळ घालवला नसेल, तितका तिने कठड्याशी घालवला. त्यात मला तरी वावगे वाटले नाही.

विमानतळाकडून नजर फिरवली की पल्लावरमच्या टेकड्या, लष्करी छावणीची झाडी, आलंदूरच्या उंच पुलावरून सरकणारी मेट्रो आणि गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानाचा हिरवा पट्टा दिसतो. भर शहरात हरणे असलेले असे उद्यान फार थोड्या ठिकाणी आहे. पावसानंतरच्या स्वच्छ सकाळी पूर्वेला समुद्राची एक फिकट रेघ दिसते. दुपारच्या धुरकट हवेत ती अजिबात दिसत नाही, म्हणून ‘समुद्र दिसेल’ असे मुलांना आधी सांगून ठेवू नये. सूर्य मावळताना विमानतळावरचे आणि शहरातले दिवे हळूहळू लागत जातात, ती वेळ सर्वांत सुंदर.

वर एका इंग्रजाचा अर्धपुतळा आहे, तो कोणा धर्मगुरूचा का?

नाही. तो हिंदुस्थानची मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांचा आहे, आणि धर्माशी त्यांचा येथे काही संबंध नाही. परंतु नवजीवनने जाणाऱ्या खानदेशी माणसाने त्यांची कथा माहीत करून घ्यावी, कारण तिचा शेवट त्याच्याच वाटेवर आहे.

हिंदुस्थानची मोजणी त्रिकोणांच्या जाळ्याने करायची, तर आधी जमिनीवर एक सरळ रेघ अत्यंत अचूक मोजावी लागते. मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या शिखराचे कोन घेतले की उरलेली अंतरे गणिताने काढता येतात. ही पहिली रेघ लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी याच टेकडीच्या परिसरात मोजायला घेतली. तिची लांबी साडेसात मैल होती. शंभर फुटी पोलादी साखळी पुनःपुन्हा अंथरत, उन्हाने ती किती प्रसरण पावते याचा हिशेब ठेवत, मद्रासच्या ऐन उन्हाळ्यात हे काम ५७ दिवस चालले. तेथून जी त्रिकोणांची साखळी निघाली ती देशभर पसरत उत्तरेला हिमालयापर्यंत गेली आणि पुढे याच मोजणीच्या खात्याने एव्हरेस्टची उंची काढली.

लॅम्बटन मात्र हिमालयापर्यंत पोहोचले नाहीत. वीस वर्षे मोजणी करत करत ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तेथेच आहे. आपली गाडी वर्ध्याकडून बल्लारशाकडे वळते तेव्हा हिंगणघाट वाटेत लागते. लॅम्बटन यांना जे अंतर कापायला वीस वर्षे लागली, ते आपण एका झोपेत कापतो. परतीच्या प्रवासात जागे असाल तर खिडकीतून पाहावे.

टेकडीचा दगड आपल्याकडच्या दगडासारखा का दिसत नाही?

कारण तो आपल्याकडचा नाही. सातपुड्यापासून अजिंठ्यापर्यंत आपल्या पायाखाली ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. परंगीमलैचा दगड त्याहून कितीतरी जुना, जमिनीच्या खोल पोटात प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली तयार झालेला आहे. त्याला चार्नोकाइट म्हणतात. कोलकात्याशी ज्याचे नाव जोडले जाते त्या जॉब चार्नॉकच्या कबरीवरचा दगड याच जातीचा असल्याचे १८९३ मध्ये भूशास्त्रज्ञ हॉलंड यांनी ओळखले आणि दगडाला चार्नॉकचे नाव दिले. मुलांना विज्ञानाची आवड असेल तर पायऱ्यांच्या कडेला उघडा पडलेला खडक त्यांना हात लावून पाहू द्यावा.

आम्ही प्रॉटेस्टंट आहोत. मूर्ती आणि मेणबत्त्यांची आम्हाला सवय नाही. तेथे अवघडल्यासारखे होईल का?

हा प्रश्न नंदुरबार-नवापूर भागातून सर्वाधिक येतो, आणि ते साहजिक आहे. तिकडच्या बहुतेक मंडळ्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांच्या कामातून उभ्या राहिल्या. त्यांच्या उपासनेत वचन आणि गीत यांना स्थान आहे, पुतळ्यांना नाही. आमच्या कॅथलिक घरात आम्ही मिस्सा म्हणतो, फादर म्हणतो. त्यांच्याकडे उपासना आणि पाळक. तरी थोमा दोघांचाही आहे. कोणी तुम्हाला मेणबत्ती लावायला किंवा गुडघे टेकायला सांगत नाही. आमच्याबरोबर आलेल्या एका पाळकांनी मागच्या बाकावर बसून योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय मराठीतून हळू आवाजात वाचला, आणि वाचून झाल्यावर त्यांच्या शेजारी बसलेल्या तमिळ आजीबाईंनी एक शब्दही न कळता ‘आमेन’ म्हटले.

आणि आम्ही ख्रिस्ती नाही, तर?

खुशाल जावे. येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. मिस्सा चालू असेल तर मागे शांत उभे राहावे किंवा बसावे, एवढेच पुरे. परमप्रसाद, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर, घेण्यासाठी रांग लागते ती प्रसादाच्या रांगेसारखी दिसते, परंतु ती कॅथलिक भाविकांसाठीच असते, म्हणून त्या रांगेत उभे राहू नये. आपल्याकडची माणसे देवळातल्या सवयीने भक्तिभावानेच पुढे जातात आणि मग ओशाळतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

कोणत्या महिन्यात जावे?

जानेवारी आणि फेब्रुवारी. हवा सुसह्य असते आणि आकाश स्वच्छ असते. आपल्या सवयीचा पावसाळ्याचा हिशेब तेथे चालत नाही: खानदेशात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, तर चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो आणि त्याच काळात चक्रीवादळेही येतात. डिसेंबर २०१५ च्या पुरात तर विमानतळही बंद ठेवावा लागला होता. त्यामुळे १८ डिसेंबरच्या सणाला जायचे असेल तर छत्री आणि एक जादा दिवस हाताशी ठेवावा. थोमाचा स्वतःचा सण ३ जुलैला असतो. तेव्हा गर्दी असते आणि उकाडाही. मे महिन्यात जळगावचे ४५ अंश सोसणाऱ्यांना वाटते की चेन्नईचे ४० म्हणजे काय मोठेसे. पण आपले ऊन कोरडे आहे, तिकडचा घाम वाळतच नाही.

कपडे, चपला आणि फोटो यांविषयी काय पाळावे?

खांदे आणि गुडघे झाकणारे साधे कपडे घालावेत. दक्षिणेत अनेक चर्चमध्ये चपला बाहेर काढून आत जाण्याची रीत आहे. दाराशी चपला काढलेल्या दिसल्या की आपणही काढाव्यात. भर दुपारी अनवाणी पायांना फरशी चटके देते, म्हणून पायमोजे जवळ असलेले बरे. प्रार्थना चालू असताना फोटो काढू नयेत, आणि वेदीजवळ फलक लावलेला असेल तर तो पाळावा. ड्रोन मुळीच नेऊ नये. एका बाजूला विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला लष्कराची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे, त्यामुळे तो खेळ अंगाशी येईल.

जेवणाची आणि भाषेची अडचण येते का?

जेवणाची येत नाही. पायथ्याच्या वस्तीत इडली, डोसा, भात सर्व मिळते. टेकडीवर मात्र पोटभर जेवणाच्या भरवशावर जाऊ नये. गाडीसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घेऊन निघावे. आमच्या डब्यातला ठेचा चाखून आंध्रातल्या एका सहप्रवाशाने डोळे पुसत आणखी मागितला होता, यावरून खानदेशाची तेथे नाचक्की होणार नाही याची खात्री बाळगावी. भाषेचे म्हणाल तर हिंदी रिक्षावाल्यांपैकी काहींनाच कळते. उतरण्याचे ठिकाण तमिळ लिपीत फोनवर उघडून दाखवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. मिस्सा मुख्यतः तमिळमध्ये आणि काही वेळा इंग्रजीत होते. वेळा सणावारी बदलतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

एकाच दिवसात आणखी काय पाहून होईल?

थोमाशी जोडलेली तीन ठिकाणे एका दिवसात होतात, आणि क्रम जुळवून पाहिली तर कथाही उलगडते. सकाळी लिटल माउंटला जावे, तमिळमध्ये चिन्नमलै. तेथे थोमा लपून राहत असे मानली जाणारी गुहा आणि एक झरा आहे, आणि मेट्रोचे स्थानकही त्याच नावाचे आहे. गुहेत वाकून शिरावे लागते, उंच माणसांनी डोके सांभाळावे. त्यानंतर परंगीमलै. दुपार उलटल्यावर मैलापूरचे सँथोम बॅसिलिका (पोपने विशेष मान दिलेले चर्च), जेथे थोमाची कबर आहे. हे शुभ्र, उंच मनोऱ्याचे चर्च १८९६ मध्ये पूर्ण झाले आणि १९५६ मध्ये त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. थोमाच्या अस्थींचा मोठा भाग फार पूर्वी आजच्या तुर्कस्तानातील एडेसाला आणि नंतर इटलीतील ओर्तोना येथे नेला गेला, तरी मूळ कबरीपाशी बसण्याची शांतता काही वेगळीच. पोप दुसरे जॉन पॉल फेब्रुवारी १९८६ मध्ये चेन्नईला आले असता येथेही आले होते आणि परंगीमलैवरही. बॅसिलिकेच्या मागे लगेच समुद्र आहे.

ज्यांना विमान किंवा गाडी पकडायची आहे आणि मध्ये दोनच तास आहेत, त्यांनी तिन्ही ठिकाणी धावत न जाता एकट्या परंगीमलैला जावे.

आठवण म्हणून तेथून काय आणावे?

दुकानात छोटे क्रूस, जपमाळा आणि थोमाची चित्रे मिळतात. मार्को पोलोने लिहिले आहे की, थोमाला जेथे मारले गेले तेथली तांबडी माती यात्रेकरू नेत असत आणि पाण्यात कालवून तापाच्या रोग्याला पाजत असत. अजूनही काही जण माती मागतात, आमच्या मावशींनीही मागितली होती. पण आता सगळीकडे फरशी आहे, आणि दगड खरवडून न्यायला तेथले लोक मुळीच देत नाहीत. मावशी शेवटी पायथ्याच्या झाडाखालची चिमूटभर माती रुमालाच्या टोकाला बांधून भुसावळला घेऊन आल्या.